आंगठ्याखालचा आकडा: जुन्या फोटोवरून पणजोबांची पलटण कशी शोधायची

माझ्या आजोळी माजघरात, देवघराच्या दाराशी, एक फोटो टांगलेला असायचा. दोन शिपाई. एक खुर्चीत ताठ बसलेला, दुसरा त्याच्या खांद्यावर हात ठेवून उभा. बसलेले ते आईचे आजोबा. उभा कोण, ते कुणालाच ठाऊक नव्हतं. "काळ्या पाचवीत होते, बसऱ्याला जाऊन आले," एवढं मावशी सांगायची. त्यातलं बसरा (इराकमधलं बंदर) खरं निघालं आणि काळी पाचवी (एका मराठा पलटणीचं बोलीतलं नाव) खोटी. हे कळायला मला दोन मे महिने लागले, कारण सुरुवातच उलट्या टोकाने केली होती. आधी घरची गोष्ट खरी धरली आणि मग फोटोत तिचे पुरावे शोधत बसलो.

तुमच्या घरी असा फोटो असेल आणि पलटण शोधायची असेल, तर क्रम असा ठेवा: आधी फोटो, मग वर्ष, मग आकडा आणि चिन्ह, मग पदकं, आणि सगळ्यात शेवटी घरच्या गोष्टी व कागद. इथे मी मुख्यतः १८९० ते १९४७ या काळातल्या, मुंबई इलाख्यातून भरती झालेल्या शिपायांबद्दल लिहितोय. रत्नागिरी, सातारा, कुलाबा, पुणे, नगर, कोल्हापूर इथल्या बहुतेक घरांतले फोटो याच काळातले असतात.

फोटो भिंतीवरून उतरवा

चौकटीतला फोटो पाहून काही ठरवू नका. चौकट बहुतेक वेळा निम्मा पुरावा झाकते. खांद्याची कड, बुटांची टोकं, खालच्या पुठ्ठ्यावरचं स्टुडिओचं नाव हे सगळं लाकडी पट्टीखाली जातं. मागचे खिळे हळूच काढा. फोटो काचेला चिकटला असेल तर मात्र ओढू नका, वरचा थर काचेवरच राहील. अशा वेळी काचेसकटच फोटो घ्या: खिडकीशेजारी, ऊन थेट न पडता, आणि कॅमेऱ्यामागे काळं कापड धरून, म्हणजे काचेत तुमचंच प्रतिबिंब येत नाही. ओल्या फडक्याने पुसायचा मोह तर टाळाच.

सुटा फोटो असेल तर स्कॅनरवर १२०० डीपीआयला दोन्ही बाजू स्कॅन करा. मागची बाजू कोरी दिसली तरी करा. पुसट शिसपेन्सिल उघड्या डोळ्यांना दिसत नाही, पण स्कॅन गडद केला की कधीकधी वर येते. शिवाय अंधाऱ्या खोलीत टॉर्च अगदी तिरपी धरून एकदा पाहा. पुठ्ठ्यावर दाबून उठवलेला, रंग नसलेला शिक्का अशाच उजेडात दिसतो.

दोन सावधगिऱ्या. पहिली: मोबाईलमधल्या 'फोटो सुधारा' छापाच्या बटणापासून लांब राहा. असली ॲपं दिसत नसलेलं खुलवत नाहीत, मनाने रचतात. मी एका ॲपमध्ये पणजोबांचा खांदा टाकला, तर त्याने तिथे छान ठसठशीत '१६८' उमटवून दिलं. ज्या जागी मुळात दोनच आकडे दिसत होते, तिथे तीन. चेहरा सुंदर करून हवा असेल तर खुशाल वापरा, पण बिल्ला वाचायला मूळ स्कॅनच मोठा करून बघा.

दुसरी: भिंतीवरचा मोठा फोटो मूळ नसण्याची शक्यता धरून चाला. आपल्याकडे छोट्या फोटोवरून मोठा करून, ब्रशने रंगवून घ्यायची पद्धत जोरात होती. रंगवणाऱ्याने कोट गडद केला, बटणं चमकवली, क्वचित छातीवर एखादं जादा पदकही चढवलं. चेहरा एकाचा आणि धड दुसऱ्याचं असे फोटोही सापडतात. म्हणून ट्रंका, पोथ्यांची फडकी, आत्याच्या घरचा अल्बम, सगळीकडे लहान मूळ प्रत शोधा. आमची पोस्टकार्डाएवढी मूळ प्रत पंचांगांच्या गठ्ठ्यात होती.

फोटो सरळ आहे का, ते पाहा

काचेची निगेटिव्ह उलट्या बाजूने छापली की डावं-उजवं बदलतं. नव्याने प्रत काढतानाही हे होतं. तपासायची सोपी खूण म्हणजे कोटाची मिटणी. पुरुषांच्या कोटात डावा पदर उजव्यावर येतो, म्हणजे तुम्ही समोरून बघता तेव्हा तुमच्या उजव्या हाताकडचा पदर वर हवा. पदकं माणसाच्या डाव्या छातीवर, म्हणजे पुन्हा तुमच्या उजव्या हाताला. दोन्ही उलट असतील तर फोटो उलटा आहे. संगणकावर फिरवून घ्या, नाहीतर आकडे वाचता वाचता डोकं फिरेल. कोट सरळ आणि पदकं तेवढी उजव्या छातीवर असतील तर गोष्ट वेगळी. ती पदकं बहुधा त्या माणसाची स्वतःची नाहीत. गेलेल्या वडिलांची किंवा भावाची पदकं घरची माणसं उजवीकडे लावतात.

वर्ष ठरवा, निदान दशक तरी

जाड पुठ्ठ्यावर चिकटवलेला, साधारण साडेसहा बाय दहा सेंटिमीटरचा लहान फोटो असेल तर एकोणिसाव्या शतकाचा उत्तरार्ध. तसाच पण अकरा बाय सतरा सेंटिमीटरच्या आसपासचा मोठा पुठ्ठा असेल तर १८७० ते पहिल्या महायुद्धापर्यंत कधीही. फोटो थेट पोस्टकार्डाच्या कागदावर छापलेला असेल, मागे पत्ता लिहायच्या रेघा असतील, तर विसावं शतक. मागे फ्रेंच भाषेत 'कार्त पोस्ताल' छापलेलं असेल तर कान टवकारा. हिंदी फौजेची पहिली तुकडी सप्टेंबर १९१४ मध्ये मार्सेलला उतरली. आपल्याकडची माणसं त्यात होती ती मुख्यतः मुंबई सॅपर्सच्या (रस्ते-पूल बांधणाऱ्या फौजेच्या) २० आणि २१ नंबरच्या कंपन्यांत आणि १०७ व्या पायोनियर्समध्ये (बांधकामही करणाऱ्या पायदळात). मराठा पायदळ पलटणींची मोठी मोहीम मात्र मेसोपोटेमियातली, म्हणजे आजच्या इराकमधली.

स्टुडिओचं नाव असेल तर त्याच्या गावावरून छावणी कळते. बेळगाव, खडकी, देवळाली, कामठी, महू, नगर, बसरा, कैरो. पण छावणी म्हणजे पलटण नव्हे. पलटणी दर दोन-चार वर्षांनी हलायच्या, आणि सुट्टीवर आलेला शिपाई गावाजवळच्या बाजारातही फोटो काढून घ्यायचा. मागच्या पडद्यावरचे खांब, कारंजं आणि झाडं तर स्टुडिओचीच. हातातली वेताची छडीही बहुतेकदा त्याचीच. तिच्यावरून हुद्दा ठरवू नका.

कपडे वर्षाला मदत करतात. गुडघ्यापर्यंत आलेला खाकी कुडता, पायाला गुंडाळलेल्या पट्ट्या आणि पागोटं असा वेष असेल तर पहिल्या महायुद्धाच्या आगेमागे. खाकी शर्ट, अर्धी चड्डी आणि छातीवर कापडी पट्ट्यांची जोडणी असेल तर दुसऱ्या महायुद्धाकडे या. छातीवर तिरपा काडतुसांचा चामडी पट्टा आणि टाचेला आरी दिसली तर घोडदळ, पण खेचरांच्या तुकड्यांतले आणि तोफखान्यातले गाडीवानही तसेच दिसायचे.

आता खांदा

इथे सगळ्यात जास्त वेळ द्या. खांद्यावरच्या पट्टीला पितळी अक्षरं आणि आकडे लावलेले असत. ते नीट वाचता आले तर निम्मं काम झालं. पण आकडा वाचून उपयोग नाही, तो कोणत्या काळातला आकडा आहे ते कळायला हवं, कारण पलटणींचे नंबर तीनदा बदलले.

१९०३ च्या आधी मुंबईच्या फौजेचे आपले वेगळे नंबर होते: मुंबईची तिसरी, पाचवी, दहावी, सतरावी पलटण. १९०३ मध्ये सगळ्या हिंदी फौजेला एकच सलग क्रमांक दिले, आणि मुंबईवाल्यांच्या जुन्या आकड्यात सरळ शंभर मिळवले. तिसरीची १०३ झाली, पाचवीची १०५, दहावीची ११०. पुढे १९२२ मध्ये पलटणी एकत्र करून मोठ्या रेजिमेंटी बांधल्या. मराठ्यांच्या सहा पलटणींची मिळून पाचवी मराठा लाईट इन्फंट्री (हलकं पायदळ) झाली, तिचं ठाणं बेळगावला. त्यात १०३ ही पहिली बटालियन, १०५ दुसरी, ११० तिसरी, ११६ चौथी, ११७ पाचवी आणि ११४ ही प्रशिक्षणाची दहावी. हे '३/५' असं लिहितात, म्हणजे पाचव्या रेजिमेंटची तिसरी बटालियन. १९४५ मध्ये रेजिमेंटच्या नावातला आकडाच गेला.

म्हणजे तीन आकडी नंबर असेल तर फोटो १९०३ ते १९२२ मधला. एकच खांदापट्टी, पण ती वर्षही सांगते आणि पलटणही.

या 'पाचवी'पायी किती घरांत घोळ झालाय! घरातला कुणी म्हणतो, "आजोबा पाचवीत होते." ही पाचवी म्हणजे मुंबईची जुनी पाचवी पलटण, म्हणजेच पुढची १०५, तिलाच काळी पाचवी म्हणत. किंवा १९२२ नंतरची अख्खी पाचवी रेजिमेंट, ज्यात सहाही पलटणी आल्या. किंवा त्या रेजिमेंटची पाचवी बटालियन, म्हणजे जुनी ११७. तीन वेगळ्या गोष्टी, नाव एकच. माझ्या मावशीची 'काळी पाचवी' अशीच आली असणार: कुणीतरी 'पाचवी मराठा' म्हणालं असेल आणि 'काळी' नंतर कानावरून चिकटलं असेल.

आमच्या फोटोत पणजोबांच्या उजव्या खांद्यावर १ आणि ० स्पष्ट दिसत होते. तिसरा आकडा त्या उभ्या माणसाच्या आंगठ्याखाली. शंभर वर्षं त्याने तो असा झाकून ठेवलाय. डावा खांदा पागोट्याच्या सोग्याआड. म्हणजे उत्तर १०१ ते १०९ मध्ये कुठेतरी. ११० आणि ११७ आपोआप बाद, कारण मधला आकडा शून्य होता.

बिल्ला आणि बकल

चिन्ह पागोट्यावर, गळ्याच्या कडेला किंवा कंबरपट्ट्याच्या बकलावर शोधा. मराठा लाईट इन्फंट्रीचं चिन्ह बिगुल. दोरीचा गोफ असलेला, वळलेला. पेटता हातबॉम्ब दिसला तर ग्रेनेडियर्स: १०१ आणि १०२, पुढची चौथी बॉम्बे ग्रेनेडियर्स.

बिगुल दिसला की नवखा माणूस "सापडलं!" म्हणून उडी मारतो. मीही मारली होती. पण बिगुल रायफल पलटणींचाही असतो, आणि १०४ ही वेलस्ली रायफल्स होती. फरक धातूत आहे. रायफलवाले आपली बटणं आणि बिल्ले काळे ठेवत, लाईट इन्फंट्रीचं पितळ घासून चकचकीत. आमच्या फोटोत बकलावर उजेडाची पांढरी ठिणगी उमटली होती, बटणांवरही. मग राहिल्या १०३ आणि १०५. मराठ्यांच्या ११४, ११६ आणि ११७ या पलटणी तेव्हा नुसत्या 'मराठा' होत्या, लाईट इन्फंट्री नव्हत्या. बिगुलाचा मान १०३, १०५ आणि ११० चा.

महार शिपायांच्या फोटोंबद्दल जरा वेगळं लक्षात ठेवायला हवं. मुंबईच्या फौजेत महार पिढ्यान्‌पिढ्या होते, पण १८९० च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांची भरती बंद केली गेली. म्हणून पायदळाच्या वेषातला महार पणजोबांचा फोटो बहुधा त्याआधी भरती झालेल्या माणसाचा असतो, नाहीतर १९१७ मध्ये उभ्या राहिलेल्या १११ व्या महार पलटणीचा. ती पलटण युद्धानंतर थोड्याच वर्षांत मोडली. आजची महार रेजिमेंट १ ऑक्टोबर १९४१ ला बेळगावला सुरू झाली. तिच्या सुरुवातीच्या बिल्ल्यावर भीमा कोरेगावचा विजयस्तंभ होता. १९४६ मध्ये ती मशीनगन रेजिमेंट झाली आणि बिल्ल्यावर एकमेकींवर तिरप्या ठेवलेल्या दोन व्हिकर्स मशीनगन आल्या. स्तंभाच्या जागी कट्यार नंतर आली. म्हणजे स्तंभ आहे की कट्यार, यावरून वर्षाचा अंदाज बांधता येतो.

पागोट्याच्या बांधणीवरून जात-धर्म ओळखायचा आणि त्यावरून पलटण, असला उद्योग करू नका. मराठा पलटणींत दख्खनी मराठे होते, कोकणी मराठे होते आणि दख्खनी मुसलमानांच्या कंपन्याही होत्या. रत्नागिरीच्या किंवा साताऱ्याच्या मुसलमान घरातला शिपाई मराठा पलटणीत असणं अगदी नेहमीचं.

खाकी म्हणजे फौज नव्हे, हेही खरं. पोलीस, तुरुंगातले पहारेकरी, जंगल खात्यातले गार्ड, रेल्वेतले स्वयंसेवक आणि दुसऱ्या महायुद्धातले हवाई हल्ल्याच्या सूचनेचे 'एआरपी'वाले, सगळेच ऐटीत स्टुडिओत जायचे. कोकणातल्या फोटोत गोल टोपीच्या पट्टीवर एच.एम.आय.एस. ही इंग्रजी अक्षरं दिसली तर आजोबा नौदलात होते. संस्थानच्या फौजाही विसरू नका. कोल्हापूरच्या राजाराम रायफल्स पुढे भारतीय सेनेत येऊन १९ मराठा लाईट इन्फंट्री झाल्या. ग्वाल्हेर, बडोदे आणि इंदूरकडच्या मराठी घरांनी आधी तिकडेच पाहावं.

फिती आणि पदकं

हुद्दा सोपा आहे. बाहीवर व्ही आकाराची एक फीत असेल तर लान्स नाईक, दोन नाईक, तीन हवालदार. खांद्यावर एक तारा जमादार, दोन सुभेदार, मुकुट असेल तर सुभेदार मेजर. घोडदळात हवालदाराच्या जागी दफेदार आणि सुभेदाराच्या जागी रिसालदार. जमादाराचं 'नायब सुभेदार' १९६५ मध्ये झालं, तेव्हा घरात "नायब सुभेदार होते" म्हणत असतील आणि फोटो १९४० चा असेल तर कुणीतरी नंतरचा शब्द मागे नेऊन लावलाय. मुकुटाच्या जागी अशोकस्तंभाचे सिंह दिसले तर फोटो प्रजासत्ताक झाल्यानंतरचा.

पदकांच्या फितींचे रंग काळ्या-पांढऱ्या फोटोवरून ओळखताना सांभाळा. त्या काळच्या बऱ्याच फिल्मना लाल रंग जवळजवळ दिसायचाच नाही. लाल काळा उमटायचा, पिवळा आणि नारिंगी गडद, आणि निळा मात्र फिकट, कधी अगदी पांढरट. आपण डोळ्यांनी फिकट म्हणजे पिवळा असं धरतो आणि फसतो. फितींपेक्षा पदकाच्या आकारावर विसंबा.

पहिल्या महायुद्धानंतर परतलेल्या शिपायाकडे सहसा तीन: पितळी रंगाची चांदणी, तिच्यावर दोन तलवारी एकमेकींवर, राजाचं मुंडकं असलेलं चांदीचं गोल पदक, आणि पंख असलेल्या देवतेचं पितळी रंगाचं गोल पदक, इंद्रधनुषी फितीचं. चांदीच्या पदकाच्या जागी तेच काशाचं असेल तर तो लढाऊ शिपाई नसून मजूर पलटणीत किंवा खिदमतीत गेलेला असण्याची शक्यता मोठी. आता खरी गोष्ट: घरात प्रत्यक्ष पदक असेल तर फोटो बाजूला ठेवा आणि पदकाची कड वाचा. गोल पदकाच्या कडेवर बारीक इंग्रजी अक्षरांत शिपायाचा नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण कोरलेली असते. चांदणीच्या मागच्या सपाट बाजूवर. दुसऱ्या महायुद्धाची इंग्रज शिपायांची पदकं बिननावाची होती, पण हिंदी फौजेला मिळालेल्यांवर नाव ठोकलेलं असायचं. पदक पितांबरीने किंवा चिंचेने घासू नका. कडेची अक्षरं आधी जातात, चमक नंतर येते.

दुसऱ्या महायुद्धाच्या फोटोत खांद्यावरच्या पितळेपेक्षा दंडावरचं कापडी चिन्ह जास्त बोलतं, पण ते डिव्हिजनचं, म्हणजे अनेक पलटणींच्या मोठ्या फौजेचं असतं, एका पलटणीचं नव्हे. क्लोव्हर या गवताची पानं असलेली आठवी हिंदी डिव्हिजन, हिच्यात १/५ मराठा इटलीत लढली. झुंजणारा कोंबडा असलेली तेवीसावी, हिच्यात ४/५ आणि ६/५ मराठा इंफाळच्या बाजूला. दहाव्या डिव्हिजनबरोबर ३/५ इटलीत होती. याच ३/५ च्या नाईक यशवंत घाडगे यांना १० जुलै १९४४ च्या लढाईसाठी मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, आणि १/५ चे शिपाई नामदेव जाधव यांना ९ एप्रिल १९४५ च्या सेनिओ नदीवरच्या लढाईसाठी. तेव्हा घरात इटली स्टार सापडला तर १/५ आणि ३/५ आधी तपासा, बर्मा स्टार सापडला तर ४/५ आणि ६/५. आणि २/५, म्हणजे तीच काळी पाचवी, जून १९४२ मध्ये तोब्रुकला कैद झाली. "आजोबा इटलीत कैदी होते," अशी घरची आठवण असेल तर तिथून सुरुवात करा.

घरची गोष्ट आता काढा

गोष्टी शेवटी ठेवायचं कारण हेच, की आता त्यांना विचारायला नेमका प्रश्न तयार असतो. मी मावशीला "पलटण कुठली?" असं विचारणं सोडलं आणि "बसऱ्याला असताना काय खायचे, काही सांगायचे का?" असं विचारलं. ती पटकन म्हणाली, "वेढ्यात घोडी कापली म्हणे. हे शिवले नाहीत. पाला उकडून खाल्लान."

हा मेसोपोटेमियातल्या कुत गावाचा वेढा. डिसेंबर १९१५ ते २९ एप्रिल १९१६. सहावी पुणे डिव्हिजन त्यात अडकली, धान्य संपलं, घोडी कापावी लागली, आणि पुष्कळ हिंदी शिपायांनी ते मांस बराच काळ नाकारलं. शरण आले तेव्हा सुमारे १३,००० माणसं तुर्कांच्या कैदेत गेली; हिंदी शिपायांतले कितीतरी आजच्या सीरियातल्या रस-अल-ऐनला रेल्वेच्या कामावर लावले गेले. मराठ्यांच्या १०३, ११० आणि ११७ या पलटणी त्या वेढ्यात होत्या. १०५ नव्हती.

काळ्या पाचवीची शक्यता तिथे संपली. राहिली १०३, जिला जंगी पलटण म्हणतात. १७६८ मध्ये उभी राहिलेली, मराठा पलटणींत सगळ्यात जुनी. तरी मी खात्री धरली नाही, कारण १०४ रायफल्सही कुतमध्येच होती आणि माझा सगळा डोलारा एका बकलाच्या चमकेवर उभा होता. खात्री झाली ती मामेभावाच्या देव्हाऱ्यातल्या इंद्रधनुषी फितीच्या पदकाने. कुंकवाने माखलेली कड भिंगाखाली धरली: शिपाई नंबर, पणजोबांचं नाव दोन चुकांसकट, आणि १०३.

कागद कुठे शोधायचे

शिपाई युद्धात गेला असेल तर राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाच्या संकेतस्थळावर नाव शोधणं फुकट आहे. परत आलेल्या माणसाचं नाव तिथे नसतं, त्यामुळे सापडलं नाही म्हणून खचू नका. मेसोपोटेमियात गेलेल्यांची नोंद बसऱ्याच्या स्मारकाखाली येते, तिथे ४०,००० हून अधिक नावं आहेत. फ्रान्समध्ये गेलेल्यांची न्यूव्ह शापेलला, बर्मा आघाडीवरच्यांची रंगूनच्या स्मारकावर, आणि इथल्या इथे वारलेल्या बऱ्याच जणांची दिल्लीच्या स्मारकाखाली. दुसऱ्या महायुद्धाच्या नोंदींत अनेकदा वडिलांचं नाव, गाव आणि जिल्हाही असतो. मग फोटोची गरजच उरत नाही.

शोधताना इंग्रज कारकुनाच्या कानाने विचार करा. त्याने सखारामचा 'सकाराम' केलाय, भोसल्यांचा 'भोन्सले'. आडनाव नसेल तर नुसतं नाव टाका, 'राव' काढून टाका, घरच्या हाकेचं नावही टाकून बघा. 'मराठा' शब्दाच्या त्या काळच्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये 'एच' आधी यायचा आणि 'टी' दोन असायचे (Mahratta), तसं घातल्याशिवाय काही ठिकाणी काहीच सापडत नाही. जिल्हेही जुने धरा. रायगडचा तेव्हा कुलाबा, सिंधुदुर्ग तेव्हा रत्नागिरीत, सांगलीकडचा बराच भाग साताऱ्यात.

सेवेच्या कागदांसाठी रेजिमेंटच्या अभिलेख कार्यालयाला लिहायचं. मराठा लाईट इन्फंट्रीचं बेळगावला, मुंबई सॅपर्सचं खडकीला, महार रेजिमेंटचं मध्य प्रदेशात सागरला. पत्रात शिपाई नंबर घाला. नंबराशिवाय पत्र म्हणजे यात्रेत 'पाटील' म्हणून हाक मारण्यासारखं. नंबर पदकाच्या कडेवर, डिस्चार्जच्या पुस्तकात किंवा पेन्शनच्या कागदावर मिळतो. पहिल्या महायुद्धातल्या साध्या शिपायाची फाईल हाती लागण्याची आशा कमीच ठेवा. दुसऱ्या महायुद्धानंतर पेन्शनवर आलेल्यांचं काम बऱ्यापैकी होतं, आणि आजी पेन्शन घेत होती असं असेल तर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात आधी जा. तिथली माणसं अर्ज कुठे नि कसा करायचा ते सांगतात.

गावात शोधायला मात्र विसरू नका. साताऱ्याचं अपशिंगे मिलिटरी किंवा कोल्हापूरचं सैनिक टाकळी ही नावाजलेली गावं झाली, पण साध्या गावांतही चावडीवर किंवा जुन्या शाळेच्या भिंतीत १९१४-१९१९ च्या लढाईला गावातून किती माणसं गेली आणि किती परतली नाहीत, ते सांगणारी दगडी पाटी असते. चुन्याचे पाच थर चढलेले असतात, हात फिरवून वाचावी लागते. "जर्मनच्या लढाईत मिळालेली जमीन" असं घरी कुणी बोलत असेल, तर तलाठ्याकडे त्या गटाचे जुने फेरफार काढा.

सापडलं ते लिहून ठेवा

फोटोच्या मागे पेनने काही लिहू नका, शाई पुढच्या बाजूला उतरते. वेगळा कागद करा, आणि प्रत्येक गोष्टीपुढे ती कशावरून कळली ते लिहा. पदकावरून, खांद्यावरून, की मावशीच्या तोंडून. पुढच्या माणसाला तुमची चूक सापडायची असेल तर त्याला हेच लागणार.

आमच्या कागदावर बसलेल्या माणसापुढे नाव, नंबर, '१०३ मराठा लाईट इन्फंट्री, १९२२ पूर्वी' एवढं आहे. उभ्या माणसापुढे लिहिलंय: नाव माहीत नाही. बकल तसंच, बिगुलाचं. खांद्यावरचा आकडा हलल्यामुळे पुसट. डाव्या हाताच्या करंगळीचं टोक तुटलेलं.